डावीकडचा ब्रेक

संक्रांतीच्या संध्याकाळी हिंदी मुलखातल्या रांझीत अवकाळी पाऊस भुरभुरायला लागला आणि दुर्वा गच्चीवरचे कपडे काढायला धावली. दोरीवरून टॉवेल ओढताना तिची नजर खाली गेली. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बाबांच्या पांढऱ्या गाडीत कोणीतरी बसलेलं होतं. थेट ड्रायव्हरच्या जागेवर, आरशात बघत, ओले केस बोटांनी मागे सारत.

कपड्यांचा ढीग छातीशी धरूनच ती खाली आली आणि काचेवर टकटक केली.

"काय करून राहिले तुम्ही?"

काच अर्धी खाली आली. आत तिशीचा एक मुलगा होता. नवाकोरा झब्बा, कपाळावर कुंकवाचं बोट.

"सुरूच होईना ओ," तो म्हणाला. "पाणी गेलं बहुतेक कुठंतरी."

"पाच महिने झाले. सुरू झालीच नाही ती."

"छे, तासाभरापूर्वी मीच तर..." तो थांबला. त्याने समोर बघितलं, मग डावीकडे, मग खाली पायांकडे. "इथं माझा गणपती होता."

"तुमचा गणपती तिकडं असेल."

दुर्वाने हनुवटीने दाखवलं. शेजारच्या मराठी मंडळाच्या हॉलसमोर गाड्यांची रांग लागली होती. चार गाड्या सोडून तशीच पांढरी, तशीच छोटी, तितकीच जुनी गाडी उभी होती. फरक एवढाच, की तिच्या पोटाखाली निळे दिवे लुकलुकत होते.

"पण किल्ली लागली की," तो म्हणाला.

"झिजल्या की लागतात जी. या गाड्यांच्या किल्ल्यांचा काही भरवसा नाही."

तो उतरला. कानापर्यंत लाल झाला होता, तरी जायचं नाव घेईना. वाकून पुन्हा आत बघितलं.

"एक विचारू? डाव्या बाजूला ब्रेक कशासाठी आहे?"

"माझ्यासाठी," दुर्वा म्हणाली.

त्याला काही कळलं नाही. बोलायचं म्हणून त्याने खिशातून तिळगुळाची पुडी काढली. दुर्वाचे हात कपड्यांत अडकलेले होते, पण ते कारण नव्हतं.

"आमच्याकडे यंदा सण नाही," ती म्हणाली.

त्याने पुडी परत खिशात ठेवली. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. पाऊस दोघांवर पडत राहिला... आणि दारातून आईचा आवाज आला, "दुर्वा, त्याला आत तरी घे नाही तर जाऊ तरी दे. भिजून राहिला ना तो."

तो आत आला. चहा घेतला. नाव सांगितलं, अपूर्व शिंदे. गाव सातारा. रांझीतल्या बँकेत बदली होऊन चार महिने झालेले. गाडी खमरियातल्या एका निवृत्त कामगाराकडून घेतलेली आणि तिच्यावर जे काही केलं ते सगळं स्वतःच्या हातांनी, फोनवर व्हिडिओ बघून.

"निळे दिवेही?" दुर्वाने विचारलं.

"तेही. फॉग लॅम्पसुद्धा मीच लावले. फक्त... वायपर चालू केला की हॉर्न वाजतो."

आई हसली. ऑगस्टनंतर ती पहिल्यांदा हसली, हे दुर्वाला उशिरा, कपबशा विसळताना लक्षात आलं.

*

दुर्वाचे बाबा, श्रीकांत दाणी, सैन्याच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासण्यात जन्म गेला, म्हणून स्वतःच्या हातांची हौस त्यांनी या गाडीवर भागवली. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी तिची मागची सीट दारापर्यंत फिरणारी केली. पावसाळ्यात रस्त्यांचे ओढे होतात म्हणून स्प्रिंगांमध्ये रबराचे ठोकळे बसवून गाडी दोन बोटं उचलली. उन्हाळ्यासाठी जुन्या संगणकाचा पंखा मागच्या काचेशी लावला. आई मागे बसून एकदम ओरडते आणि चालवणारा दचकतो, म्हणून तिच्या हाताशी दाराच्या घंटीचं बटण दिलं. ते दाबलं की समोर लाल दिवा लागे. अर्थ एकच, हळू चालव.

आणि दुर्वाने गाडी शिकायची ठरवली तेव्हा त्यांनी डाव्या बाजूला दुसरा ब्रेक बसवला. खालून एक लोखंडी रॉड टाकून तो खऱ्या ब्रेकला जोडला. "तू चालव," ते म्हणाले. "चुकलीस तर मी आहे."

चार वर्षं तिने तशीच गाडी चालवली. लायसन्स मिळालं, भेडाघाट झाला, अमरकंटक झालं, पण डावीकडे बाबांचा पाय असल्याशिवाय तिने कधी चावी फिरवली नाही. ऑगस्टमध्ये बाबा गेले. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. गाडीही तेव्हापासून उभी राहिली. दुर्वा सिहोऱ्याच्या कॉलेजात मराठी माणसाला न शोभेल इतकं चांगलं हिंदी शिकवायची. ती बसने जायला लागली.

पुण्याहून आनंददादाचा फोन दर आठवड्याला यायचा.

"उभी गाडी सडते, दुर्वा. नथ्थू भैया घ्यायला तयार आहे, चांगला माणूस आहे. काहून अडवून राहिलीस?"

"मी चालवीन."

"कधी?"

शेवटी दादाच म्हणाला, "हे बघ, फेब्रुवारी संपेपर्यंत एकदा, एकटी, सिहोऱ्याला नेऊन दाखव. नेलीस तर गाडी तुझी, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही तर एक मार्चला नथ्थू भैया येईल."

दादा वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

हे सगळं अपूर्वला आईने सांगितलं, दुसऱ्या चहाच्या वेळी. तो कप खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे डावीकडे फक्त एक पाय पाहिजे. माझ्याकडे दोन आहेत."

*

पहिल्या रविवारी त्याने स्वतःच्या गाडीची बॅटरी जोडून बाबांची गाडी सुरू केली. बॉनेटखाली वाकला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"हे पिवळं काय आहे? प्रत्येक नटवर रेघ आहे."

"तपासणीची खूण. नट आवळला, तपासला, की त्याच्यावरून बाजूच्या लोखंडावर एक रेघ मारायची. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते. कारखान्यात अशीच पद्धत आहे." दुर्वाने बोटाने एक रेघ पुसून पाहिली. ती पुसली जात नव्हती. "बाबा तीनदा तपासल्याशिवाय रेघ मारायचे नाहीत. म्हणायचे, रेघ मारली की मग जबाबदारी माझी."

"माझ्या गाडीत फक्त चिकटपट्टी आहे," अपूर्व म्हणाला.

मग त्याला तो डावीकडचा ब्रेक बघायचा होता. आपल्या गाडीलाही करून बघू, म्हणाला. मोबाईलचा उजेड घेऊन तो सीटच्या पुढ्यात उलटा झाला, डोकं खाली, पाय दाराबाहेर. आधी "वा" म्हणाला. मग गप्प. इतका वेळ गप्प राहिला, की दुर्वाने विचारलं, "झोपले काय?"

"नाही," तो आतूनच म्हणाला. बाहेर आला तेव्हा नाकाला काळं लागलं होतं. दुर्वाकडे बघून काही बोलणार असं वाटलं... पण त्याने फक्त नाक पुसलं. "पक्कं काम आहे. बसा. चालवा."

मागे आई बसली, कारण पहिल्या दिवशी आईने बसायचं असतं. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत लाल दिवा सात वेळा लागला.

"आई, मी दहाच्या वेगाने चालवून राहिले."

"मग पाचने चालव."

अपूर्व डावीकडे ताठ बसला होता. उजवा पाय त्या ब्रेकवर, शपथ घेतल्यासारखा. दुर्वाने तिरकं बघितलं. त्याचा बूट चकचकीत होता. बाबा चपला घालायचे. तिने पुन्हा समोर बघितलं आणि दुसरा गिअर टाकला.

असे रविवार झाले. दुसऱ्या रविवारी आई आली नाही, गुडघे दुखतात म्हणाली. तिसऱ्या रविवारी गुडघे दुखत नव्हते तरी आली नाही.

"तुमचं मराठी गोड आहे," अपूर्व एकदा म्हणाला.

"तुमचं भांडल्यासारखं वाटते. आज सकाळी फोनवर कोणाला झाडून राहिले होते?"

"आईला. वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होतो."

दुर्वा हसली आणि गाडी बंद पडली. मागून ट्रकने भोंगा वाजवला.

"क्लच," तो शांतपणे म्हणाला. "हसताना क्लच सोडायचा नाही."

"मग हसवू नका."

"ते जमणार नाही. बाकी काय सांगाल ते करतो."

पुढच्या चौकापर्यंत तिचे कान गरम होते. खिडकीतून गव्हाच्या ओल्या शेतांचा वास येत होता. आपण पाच महिन्यांत वास घेतलाच नव्हता, असं तिला वाटलं. कशाचाच.

पाचवा रविवार हुकला, अपूर्वला काम होतं. त्याऐवजी तो बुधवारी संध्याकाळी आला आणि दोघं खमरियाच्या रस्त्याला लागली. तिथे घात झाला. कारखान्याचा भोंगा झाला, फाटक उघडलं आणि रस्ताभर सायकली, मोटारसायकली, डबे, टोप्या यांचा लोंढा सुटला. दुर्वाने स्टिअरिंग घट्ट धरलं. एक म्हातारा सायकलवाला, हँडलला दुधाची बरणी लटकवलेला, थेट गाडीच्या नाकासमोरून आडवा गेला.

गाडी थांबली. बरणी हलली, पण सांडली नाही. म्हाताऱ्याने हात वर करून "जियो बिटिया" म्हटलं आणि पुढे गेला.

दुर्वाने हँडब्रेक ओढला. "बरं झालं तुम्ही दाबला."

"मी नाही दाबला," अपूर्व म्हणाला. "तुम्हीच."

"खोटं नका बोलू. मी पाहिला ना तुमचा पाय. पार खालपर्यंत गेला होता."

त्याने पाय मागे घेतला आणि पोटरी चोळली.

*

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी सिहोरा. दुर्वाने सकाळीच ग्रीसचा डबा काढला. बाबा लांबच्या प्रवासाआधी त्या रॉडला ग्रीस लावायचे. ते काम राहून गेलं होतं. उद्या डावीकडे कोणी नसणार हे तिला कळत होतं, तरी ब्रेक नीट असावा असं वाटत होतं.

ती सीटच्या पुढ्यात उलटी झाली, जसा तो झाला होता. बोटांवर ग्रीस घेऊन रॉड शोधला.

रॉड होता. पण तो खऱ्या ब्रेकपर्यंत पोहोचतच नव्हता. मध्येच सोडवून, वर वळवून, एका पट्टीने गाडीच्या पत्र्याशी घट्ट बांधलेला होता. डावीकडच्या ब्रेकला स्कूटरच्या स्टँडची एक स्प्रिंग लावलेली होती, पायाला खरा वाटावा म्हणून. तो ब्रेक कशालाच जोडलेला नव्हता. आणि पट्टीच्या नटवरून पत्र्यावर एक पिवळी रेघ गेली होती. सरळ, न तुटलेली. शेजारी त्याच रंगाने, बाबांच्या अक्षरात, तारीख घातली होती. अडीच वर्षांपूर्वीची.

दुर्वा तशीच पडून राहिली. अडीच वर्षं. भेडाघाट त्यानंतरचा. अमरकंटकचा घाट, ते धुकं, त्यानंतरचं. बाबा प्रत्येक वळणावर पाय दाबायचे, "च्च" करायचे, घरी येऊन आईला सांगायचे, आज पोरीने तीनदा वाचवायला लावलं. आणि वाचवणारं तिथे कोणी नव्हतंच.

बाबांनी तिला तपासलं होतं. तीनदा. मग रेघ मारली होती.

रडू आलं ते तिने येऊ दिलं. गाडीच्या पोटात, रबराच्या पायपुसण्यावर गाल टेकून, जितकं होतं तितकं. आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने. मग उठून बसली, आणि तेव्हा तिला आठवलं, की याच जागी आणखी एक माणूस बराच वेळ गप्प पडून होता.

*

अपूर्व दहा वाजता आला. दुर्वा गाडीला टेकून उभी होती. हातांना ग्रीस, डोळे सुजलेले. त्याने ग्रीसचा डबा बघितला आणि तो समजला.

"कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"पहिल्याच रविवारी."

"आणि गप्प राहिले."

"राहिलो."

"एक माणूस फसवून गेला, तर दुसरा आला. मजा वाटून राहिली होती काय?"

"नाही." त्याने हात खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. "सांगणारच होतो. रॉड जोडून देऊ का, असं विचारायचं होतं. मग ती रेघ दिसली. रेघेचा अर्थ तुम्ही दहाच मिनिटं आधी सांगितला होता. म्हटलं, तुमच्या बाबांनी केलेलं, त्यांनीच तपासलेलं. माझं काम चिकटपट्टीचं. मी कोण त्यात हात घालणारा?"

दुर्वाने डब्याचं झाकण लावलं. ते वाकडं लागलं. पुन्हा उघडून लावलं.

"हे एक कारण झालं."

"दुसरं ऐकायचंय?"

"हो."

"रविवार संपले असते."

फाटकावर एक चिमणी बसली होती. दोघंही तिच्याकडेच बघत राहिली, जणू तिने काहीतरी म्हटलं होतं.

"भोंग्याच्या दिवशी," दुर्वा हळू म्हणाली, "माझ्याच्यानं ब्रेक लागला नसता तर?"

"तर लागला नसता."

"हे ठाऊक असून तुम्ही बसून राहिले? दर वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"काहून? सांगून टाकायचं होतं. नाही तर यायचं नव्हतं."

"न येणं कसं जमलं असतं..." तो त्या सकाळी पहिल्यांदा हसला, ओशाळं. "भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. त्या म्हाताऱ्याच्या वेळी मी इतक्या जोरात पाय दाबला, अजून पोटरी दुखते. पण दर वेळी गाडी तुम्हीच थांबवायचात. हळूहळू भीती कमी झाली. मग फक्त बसायला आवडायला लागलं. तुम्ही चालवता आणि मी शेजारी... मला याच्यापुढं काही मागायचं नव्हतं. आता आहे. पण आज नाही विचारत, तुम्ही चिडलाय."

"चिडले आहे," दुर्वा म्हणाली. "घरी जा."

"उद्या?"

"उद्या मी एकटी जाईन. मागून यायचं नाही. फोन करायचा नाही. वायपर लावून हॉर्न वाजवत कोपऱ्यावर उभं राहायचं नाही."

"बरं," तो म्हणाला आणि गेला. कोपऱ्यावर वळताना मागे बघेल असं तिला वाटलं. त्याने बघितलं, आणि ती बघत होती हे त्याला दिसलं. तिला त्याचाच राग आला, थोडा वेळ.

*

सोमवारी सकाळी साडेसातला दुर्वाने चावी फिरवली. आई फाटकात उभी होती. हाताशी बटण नव्हतं, म्हणून तिने नुसता हात वर केला, हळू.

पनागरपर्यंत दुर्वा दर दोन मिनिटांनी डावीकडे बघत होती. रिकामी सीट. उन्हात दिसणारी धूळ. एका बैलगाडीला तिने वाट दिली, एका बसने तिला दिली नाही. पनागर मागे पडलं आणि गोसलपूरच्या जवळपास केव्हातरी तिच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ डावीकडे बघितलेलंच नाही. छातीत कळ आली. मग ती कळ तशीच राहू देऊन ती चालवत राहिली.

कॉलेजच्या आवारात कडुनिंबाखाली गाडी लावली आणि दादाला फोन केला.

"नथ्थू भैयाला नाही म्हणून सांग."

"एकटी गेलीस?"

"एकटीच जात होते रे, बाबा होते तेव्हाही. घरी आलास की दाखवीन."

दोन तास शिकवलं. काय शिकवलं ते तिला आठवेना. मधल्या सुट्टीत तिने दुसरा फोन लावला.

"अर्धी सुट्टी मिळते काय तुमच्या बँकेत?"

"मागितली तर मिळेल. का?" त्याचा आवाज जपून येत होता.

"आता बस पकडली तर तीनपर्यंत सिहोऱ्याला पोहोचाल. माझा तास तीनला संपते. जाताना सीट रिकामी आहे."

त्याने "हो" म्हणायलाही वेळ घालवला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एवढंच.

तीन वाजता तो कॉलेजच्या फाटकापाशी होता. बसमध्ये उभं राहून आलेला, शर्टाची घडी मोडलेली, हातात काही नाही. दार उघडून डावीकडे बसला, पट्टा लावला, आणि सवयीने पाय पुढे गेला.

"पाय वर घ्या," दुर्वा म्हणाली.

"म्हणजे?"

"सीटवर. मांडी घालून बसा."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग वाकून बूट काढले, बाजूला नीट ठेवले आणि पंगतीला बसावं तशी मांडी घातली. छोट्या गाडीत गुडघा थेट गिअरपाशी आला. दुर्वाने तो मनगटाने जरासा बाजूला सारला, आणि गिअर टाकल्यावरही मनगट लगेच काढलं नाही.

"काल काय विचारायचं राहिलं होतं?" तिने रस्त्याकडे बघत विचारलं.

"चिडला नाहीत ना आता?"

"थोडी आहे. तरी विचारा."

"मी... हे असंच शेजारी बसायचं म्हणतोय. रविवार सोडूनही. बाकीचे सगळे वार."

ऊन तिरकं झालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस नुकता पेटायला लागला होता. एक फर्लांग गेला, दुसरा गेला.

"आईनं रविवारी जेवायला बोलावलंय," ती म्हणाली.

"शिकवायला यायचं, की..."

"गाडी येते मला," दुर्वा म्हणाली. "जेवायला या. दादालाही बोलावते आहे. सगळं त्याच्यासमोर विचारा, नीट."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात पनागरच्या अलीकडे, उसाच्या मोळ्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर कसलाही इशारा न देता शेतातून थेट रस्त्यावर आला.

दुर्वाने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

तिने डावीकडे बघितलं. अपूर्वने एका हाताने दाराची कडी धरली होती, पण त्याची मांडी तशीच होती.